बीपीच्या गोळीने पाय सुजतात आणि दवाखान्यात गेलं की बीपी वाढतं: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ५६, निवृत्त शिक्षिका. तीन वर्षांपासून ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. मध्ये जोडीला रामिप्रिल दिली होती, पण कोरड्या खोकल्याने झोप उडाली म्हणून ती बंद झाली. दवाखान्यात दर वेळी बीपी १७०/१०० च्या आसपास भरतं, म्हणून आठ महिन्यांपूर्वी ॲम्लोडिपिन १० ची केली. तेव्हापासून संध्याकाळी घोट्यांवर सूज येते. शेजाऱ्यांच्या मशीनवर घरी मात्र १२८/८० दिसतं. वैतागून आठ दिवस गोळी सोडली. पहिले दोन दिवस बीपी ठीकच होतं, आता डोकं जड वाटतंय. डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण ते रागावतील आणि मशीन पुन्हा १७० दाखवेल.

ताई, आधी एक काम करा. डॉक्टरांना आजच फोन करा, गोळी सोडल्याचं सांगा आणि कोणती गोळी सुरू करू ते विचारा. दहाची की पाचची हे त्यांना ठरवू द्या, पण हा खंड आणखी वाढू देऊ नका.

पहिल्या दोन दिवसांतलं बीपी पाहून तुम्हाला वाटलं, गोळी लागतच नाही. इथे खूप जण फसतात. ॲम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जाते. तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणजे गोळी बंद केली तरी दोन-तीन दिवस आधीच्याच गोळीचा असर चालू असतो, आणि मग बीपी हळूहळू मूळ पदावर येतं. तुमच्या बाबतीत गोळी निदान सावकाश उतरणारी होती. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल किंवा क्लोनिडिन घेणाऱ्यांनी असं अचानक सोडलं तर नाडी आणि बीपी एकदम उसळी मारू शकतात. त्या गोळ्या बंद करायच्याच असतील तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार पायरीपायरीने उतरवाव्या लागतात.

आता मुख्य गोष्ट. पायाची सूज आणि दवाखान्याची भीती या दोन तक्रारी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. मला त्या एकच दिसतात. भीतीमुळे दवाखान्यात बीपी वाढलं, वाढलेल्या आकड्यामुळे गोळी दुप्पट झाली, दुप्पट गोळीमुळे पाय सुजले आणि सुजलेल्या पायांमुळे तुम्ही गोळी सोडलीत. हे चक्र तोडायचं तर सुरुवात आकड्यापासून करावी लागेल. आधी सुजेचं सांगतो, कारण तुम्हाला रोज दिसतंय ते तेच.

ॲम्लोडिपिनची सूज म्हणजे किडनी गेली असं नाही, हृदय थकलं असंही नाही. मी पेशंटला शेतातलं उदाहरण देतो. पाटाचं दार मोठं उघडलं, पण वाफ्यातून पाणी बाहेर काढणारी चारी तेवढीच राहिली, तर पाणी वाफ्यात तुंबतं. ही गोळी रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल करते, रक्त परत नेणाऱ्या शिरा मात्र होत्या तशाच राहतात. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूला झिरपतं. दिवसभर उभं राहिल्यावर ते घोट्याशी उतरतं, रात्री पाय आडवे झाले की ओसरतं. मात्रेशी याचा थेट संबंध आहे. या औषधाच्या चाचण्यांमध्ये ५ मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरातल्या तिघांना सूज आली, १० मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरातल्या जवळजवळ अकरा जणांना. त्यातही बायकांना पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त. पाचच्या गोळीवर पाय ठीक होते आणि दहावर सुजले, हा तुमचा अनुभव त्याच्याशी तंतोतंत जुळतो.

संध्याकाळी नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खळगा राहतो का ते पाहा. मग दुसऱ्या पायावर तसंच करा. दोन्हीकडे सारखा खळगा, सकाळी जवळजवळ नाहीसा, दम लागत नाही, चेहरा सुजत नाही, असं असेल तर बहुधा गोळीचंच काम. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी दाखवा, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. आडवं पडल्यावर दम लागणं, सकाळी डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस, यांचा दोष गोळीवर टाकून गप्प बसू नका.

या सुजेवर एक चूक वारंवार होते, ती म्हणजे लघवी वाढवणारी 'पाण्याची गोळी' देणं. पाणी शरीरात जास्त झालेलं नाही, ते चुकीच्या ठिकाणी झिरपलंय. त्यामुळे या गोळीने सूज फारशी हटत नाही, उलट सोडियम-पोटॅशियम घसरतं, पायात गोळे येतात, थकवा येतो, आणि मग त्या थकव्यासाठी तिसरी गोळी येते. खरा उपाय म्हणजे मात्रा कमी करणं, किंवा जोडीला टेल्मिसार्टनसारखी गोळी देणं. ती शिराही थोड्या सैल करते, म्हणजे चारी रुंद होते आणि तुंबलेलं पाणी वाहतं. ॲम्लोडिपिनऐवजी सिल्निडिपिन देणं हाही आपल्याकडे रुळलेला पर्याय आहे, त्यात सूज कमी येते. बहुतेक बीपीच्या गोळ्यांचा बराचसा उपयोग निम्म्या मात्रेतच मिळून जातो, त्रास मात्र पूर्ण मात्रेत वाढतो. म्हणून एकच गोळी ताणत नेण्यापेक्षा दोन गोळ्या कमी मात्रेत देणं मला नेहमीच बरं वाटतं. पेशंट म्हणतात, "डॉक्टर, एकाच्या दोन झाल्या, म्हणजे आजार वाढला का?" आजार वाढलेला नसतो, ओझं दोघांत वाटलेलं असतं.

तुमचा खोकला हा अगदी वेगळ्या वाटेने आलेला त्रास होता. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडू देत नाहीत, तो साठतो आणि घशात खवखव, कोरडी ढास सुरू होते. त्यावर खोकल्याच्या किती बाटल्या संपवल्या तरी फरक पडत नाही. गोळी बंद केली की बहुतेकांचा खोकला एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना तीन महिनेही लागतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही पुढची जात त्या पदार्थाच्या वाटेला जात नाही, म्हणून खोकला होत नाही. तेव्हा "मला ती गोळी सोसली नाही, आता तसलं काहीच नको" असं म्हणू नका. मात्र रामिप्रिलने कधी ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला असेल तर तो खोकल्यासारखा साधा त्रास नाही. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, केसपेपरवर लाल शाईने लिहून घ्या. आणि तसं पुन्हा झालं तर वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

आता आकड्याकडे येतो.

१९८३ साली मिलानमधल्या ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या ४८ जणांच्या धमनीत बारीक नळी ठेवून चोवीस तास बीपी नोंदवलं आणि मध्ये एकदा डॉक्टरांना बीपी तपासायला पाठवलं. डॉक्टर खाटेजवळ आल्यावर पहिल्या चार मिनिटांतच वरचं बीपी सरासरी २७ ने आणि खालचं १५ ने चढलं. पुढे त्यांनीच दाखवलं की परिचारिकेने मोजलं तर ही वाढ साधारण निम्मीच होते. ज्यांचं बीपी वाढलं ती सगळी साधी माणसं होती, भित्री म्हणून निवडलेली नव्हती. तेव्हा "मीच घाबरट" असं स्वतःला म्हणणं आधी सोडा. शरीर आपल्या सवयीने वागतं, तुम्ही ठरवून काही करत नाही.

या गोष्टीचा धडा मला फार वर्षांपूर्वी मिळाला. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची वर्षं होती. डोंगरावरच्या एका वाडीतले आजोबा दर महिन्याला दोन तास चालून आणि मग एसटीने दवाखान्यात यायचे. दर वेळी १८० च्या वर. मी गोळी वाढवत गेलो. तिसऱ्या वेळी वाढवल्यावर आठवड्याने त्यांचा मुलगा सांगत आला, पहाटे गोठ्याकडे जाताना आजोबा उंबऱ्यातच कोसळले, कपाळाला सहा टाके पडले. मी त्यांच्या घरी गेलो. अंथरुणावर आडवे असताना १२४. उभं करून मिनिटभराने पुन्हा मोजलं तर ९८. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या माणसाचं बीपी मी तीन महिने मोजत होतो आणि घरात राहणाऱ्या माणसाला गोळ्या देत होतो. तेव्हापासून घरचे आकडे पाहिल्याशिवाय, आणि वयस्कर माणसाला उभं करून मोजल्याशिवाय, मी एकही गोळी वाढवत नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने पडत असेल तर ते मला १७० इतकंच काळजीचं वाटतं. घरातल्या आजोबांना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर हे नक्की तपासून घ्या.

तुम्ही काय करायचं? शेजाऱ्यांच्या मशीनवरचा एखादा आकडा चालणार नाही. दंडावर पट्टा बांधायचं मशीन आणा, मनगटाचं नको. आणण्याआधी टेपने दंडाचा घेर मोजा. सोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतो, दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण आखूड पट्टा बीपी खोटं वाढवून दाखवतो. मग सलग सात दिवस सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा आणि रात्री जेवणापूर्वी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून मोजा. चहा, तंबाखू, जिन्याची चढउतार, यातलं काही आधीच्या अर्ध्या तासात नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, ब्लाऊजची बाही वर दाबून नव्हे. पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग बटण दाबायचं. मोजताना सुनेशी बोललात तरी आकडा चढतो.

सगळे आकडे कागदावर लिहा, नको वाटणारेही. पहिला दिवस सोडून द्या, उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ पेक्षा कमी असेल तर ती दवाखान्यातल्या १४०/९० पेक्षा कमी असल्यासारखी धरतात. फक्त एक ध्यानात ठेवा: तुम्ही गेले आठ दिवस गोळीवर नाही, त्यामुळे गोळी पुन्हा सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर मोजलेला आठवडाच खरा. एवढं करूनही घोळ राहिला तर चोवीस तासांचं मशीन दंडाला बांधून घरी पाठवतात, झोपेतलं बीपीही त्यात कळतं. जिल्ह्याच्या ठिकाणी ही तपासणी आता सहज मिळते.

सात दिवस झाले की मशीन कपाटात ठेवा. दिवसातून पंधरा वेळा मोजणारी माणसं मी पाहिली आहेत. आकडा जरा वाढला की धडधड, धडधड झाली की पुन्हा पट्टा, आणि मग आकडा आणखी वर. त्यांच्या घरातच दवाखाना उभा राहतो.

दवाखान्याची भीती एका दिवसात जाणार नाही, पण ती सवयीने लागली तशी सवयीने उतरतेही. माझ्याकडच्या एका बाईंना मी महिनाभर आठवड्यातून एकदा, गर्दी नसताना, दुपारी यायला सांगितलं. आमच्या सिस्टर बीपी मोजायच्या, आकडा सांगायच्या नाहीत, गोळी बदलायची नाही, हे आधीच ठरलेलं. पहिल्या वेळी त्यांचे तळवे ओले होते. चौथ्या वेळी त्या सिस्टरशी कैरीच्या लोणच्याबद्दल बोलत बसल्या होत्या. तुमच्या डॉक्टरांना असं विचारून पाहा, बहुतेक जण हो म्हणतील. रांगेत बसलात की श्वास सोडण्याकडे लक्ष द्या, घेण्याकडे नको. चार मोजेपर्यंत घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा, असं पाच मिनिटं. त्याने मिनिटाला साधारण सहा श्वास होतात आणि नाडी खाली येते. पट्टा बांधायच्या आधी सरळ सांगा, "दवाखान्यात माझं बीपी वाढतं, दोन-तीनदा मोजाल का, पहिला आकडा सोडून?" यात लाजण्यासारखं काही नाही. आणि दवाखान्यात वाढणारं बीपी अगदीच निरुपद्रवी, असंही मी म्हणणार नाही. अशा लोकांत पुढे कायमचं बीपी लागण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून घरचा आठवडाभराचा कागद दर सहा महिन्यांनी पुन्हा करायचा.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. गुडघे दुखतात का, आणि त्यासाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणता का? या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, पायही सुजवतात. टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी चालू असताना त्या घेतल्या तर किडनीवर तिहेरी भार पडतो. ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पावडर रोज घेत असाल तर त्यातही सोडियम असतं. आणि 'बीपीवाल्यांचं मीठ' म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन चालू झाल्यावर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

गोळीबरोबरच्या कागदावरची त्रासांची यादी वाचून तसंच व्हायला लागतं, हेही खरं आहे. २००३ साली इटलीत ९६ पुरुषांना ॲटेनोलॉल दिलं गेलं. ज्यांना गोळीचं नावही सांगितलं नव्हतं त्यांच्यातल्या शंभरी तीन जणांनी लैंगिक तक्रार केली, ज्यांना नाव सांगितलं त्यांच्यातल्या सोळांनी, आणि ज्यांना असा त्रास होऊ शकतो असंही सांगितलं त्यांच्यातल्या एकतीसांनी. औषध तिन्ही गटांना तेच होतं. हे मी तुमच्या सुजेबद्दल म्हणत नाही, अंगठ्याचा खळगा मनाचा खेळ नसतो. पण नवी गोळी सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं तर तारीख, वेळ आणि नेमकं काय झालं ते लिहा, आणि दोन आठवडे तसंच टिकतं का पाहा. ओठांची सूज, चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, यासाठी मात्र थांबायचं नसतं.

डॉक्टर रागावतील या भीतीबद्दल एक सांगू? तक्रारी सांगितल्या गेल्या म्हणून तर ही औषधं सुधारत गेली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतं हे ब्रिटिश नियतकालिकात छापून जगासमोर ठेवलं. पुढे त्यातून रेसरपिन निघालं आणि जगभर वापरलं गेलं. नाक चोंदणं, मन उदास होणं या त्याच्या तक्रारी पेशंट सांगत राहिले, आणि जास्त सोसणारी औषधं आल्यावर ते मागे पडलं. तुम्ही "पाय सुजतात, म्हणून आठ दिवस गोळी घेतली नाही" असं स्पष्ट सांगितलंत तर डॉक्टरांना योग्य निर्णय घेता येतो. लपवलंत तर ते समजतात, दहाची गोळी घेऊनही १७० आहे, आणि तिसरी गोळी लिहितात. तेव्हा एखादा डॉक्टर दोन शब्द रागाने बोललाच तर बोलू द्या.

भेटीला जाताना तीन गोष्टी न्या: सात दिवसांचा कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (गुडघ्याचीही) आणि तुमचं मशीन. दवाखान्यातल्या मशीनशी ते एकदा ताडून घेता येईल. टेल्मिसार्टन सुरू झाली तर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करायची आहे, हे तुम्हीच आठवणीने विचारा. मात्रा कमी झाल्यावर सूज उतरायला आठवडा-दोन आठवडे लागतात, रोज खळगा पाहून निराश होऊ नका. आणि तपासणी आहे म्हणून सकाळची गोळी चुकवू नका. बरेच जण उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून गोळीही टाळतात आणि मग सगळेच आकडे फसवे येतात. बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत घेऊनच घरातून निघा.